आईंना दिवसा एकटं राहायचंय: पॅरालिसिसनंतर घराची आणि माणसांची तयारी

प्रश्न थोडक्यात असा: आई ६७ वर्षांच्या. तीन महिन्यांपूर्वी पॅरालिसिस झाला, डावी बाजू कमकुवत. काठी घेऊन घरातल्या घरात चालतात. नेरूळला सिडकोचं जुनं घर, पहिला मजला, लिफ्ट नाही, संडास भारतीय पद्धतीचा. मुलगी-जावई दोघंही नोकरीला. चोवीस तासांच्या मावशी ठेवल्या आहेत, पण आईंचं म्हणणं, "मला बाई नको, मी राहीन एकटी." फिजिओथेरपी चालू आहे, हातात दाबायला स्पंजचा बॉल दिला आहे. ऑक्युपेशनल थेरपीचा उपयोग होईल का, आणि बाथरूममध्ये चिकटवायचे सक्शनचे हँडल आणू का?

सक्शनचे हँडल आणू नका. बाकीचं सविस्तर सांगतो.

"एकटी राहू शकेल का" याला हो किंवा नाही असं उत्तर नसतं. किती वेळ, कुठल्या वेळी आणि त्या वेळात कुठली कामं, असं विचारलं की उत्तर सापडायला लागतं. समजा सकाळी १० ते दुपारी २. या चार तासांत आईंना काय काय लागेल? दोनदा संडास-लघवीला जाणं, एक चहा, झाकून ठेवलेलं जेवण घेणं, एक गोळी, दाराची बेल, आणि पडल्याच तर कोणाला तरी कळवणं. एवढी सहा कामं. आंघोळ यात नाही, ती तुम्ही घरात असताना. जिनाही नाही. या सहांपैकी आईंना आज काय जमतं, काय जमत नाही आणि का जमत नाही, हे शोधून त्यावर काम करणं म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, आमच्या भाषेत ओटी. नावामुळे लोकांना वाटतं नोकरीधंद्याशी संबंध असेल. इथे ऑक्युपेशन म्हणजे माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ती सगळी कामं, दात घासण्यापासून देवपूजेपर्यंत. फिजिओथेरपिस्ट पायातली ताकद, तोल आणि चाल बघतात. ओटीचा थेरपिस्ट त्याच हातापायांनी, नजरेनं आणि लक्षानं काम पार पडतं का ते बघतो. दोन्ही लागतात, एकाच्या जागी दुसरं चालत नाही. क्षेत्र नवं नाही. देशातली ओटीची पहिली शाळा मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमला निंबकर यांनी सुरू केली.

डिस्चार्जच्या कागदांवर बहुधा 'बार्थेल इंडेक्स' असा आकडा असेल. जेवण, आंघोळ, कपडे, संडास, जिना अशा १० कामांचे मिळून १०० गुण. आकडा कामाचा आहे, पण त्यावरून एकटं ठेवायचं ठरवू नका. त्यात स्वयंपाक नाही, फोन लावणं नाही, गोळी आठवणं नाही. ९० गुण मिळवणारा माणूस गॅस चालू ठेवून खिडकीशी जाऊन बसू शकतो.

आईंची डावी बाजू गेली म्हणजे इजा मेंदूच्या उजव्या भागात आहे. तिथे हातापायाच्या कमजोरीपेक्षा अडचणीची एक गोष्ट असू शकते: डाव्या बाजूचा विसर. डोळे ठीक असतात, पण डावीकडचं जग मेंदूच्या हिशेबातच येत नाही. खुणा घरात दिसतात. ताटातली उजवीकडची पोळी संपते, डावीकडची कोशिंबीर तशीच राहते. केस उजवीकडचेच विंचरलेले असतात. डाव्या पायातली चप्पल निसटलेली असते आणि त्यांना पत्ता नसतो. दारातून जाताना डावा खांदा दर वेळी चौकटीला घासतो. डावा हात खुर्चीच्या बाहेर लोंबत राहतो. यातली एखादी खूण रोज दिसत असेल तर थेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगा. काहींची फक्त अर्धी नजर गेलेली असते. त्यांना उणीव कळते, ते मान वळवून भरून काढतात. विसर असलेल्या माणसाला उणीवच कळत नाही, म्हणून तो "मला सगळं जमतं" हे मनापासून म्हणतो. आईंचं "मी राहीन एकटी" हे यातलं आहे की खरोखरच्या हिमतीचं, हे तपासूनच ठरवावं लागतं. माझ्या मते एकटं राहण्याचा निकाल हात किती वर जातो यापेक्षा यावर जास्त लागतो.

विसर असेल तर ताटाच्या आणि ओट्याच्या डाव्या कडेला लाल टेप लावतात आणि 'लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची' अशी सवय लावतात. तुम्ही बोलायला बसाल तेव्हा डावीकडे बसा, टीव्ही थोडा डावीकडे सरकवा. मात्र फोन, पाण्याची बाटली, बेलचं बटण उजवीकडेच ठेवा. इथे फार गल्लत होते. कोणीतरी 'सगळं डावीकडे ठेवा' असं सांगून जातं, घरचे फोनही डावीकडे ठेवतात, आणि गरज पडते तेव्हा तो सापडत नाही. सराव डावीकडे, सुरक्षितता उजवीकडे.

आता संडास, कारण एकटं राहण्याचा बेत बहुतेक वेळा तिथेच फसतो.

सिडकोच्या जुन्या घरांत संडास आणि न्हाणी वेगवेगळी, दार जेमतेम दोन फुटांचं आणि आत उघडणारं. आधी दाराचं बघा. माणूस आत पडला तर त्याच्याच अंगाला अडून ते दार बाहेरून ढकलता येत नाही. सुताराला बोलावून बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडणारं करून घ्या. आतली कडी काढा आणि बाहेरून नाण्यानं उघडता येईल असा लॉक बसवा. बाहेर उघडायला पॅसेजमध्ये जागा नसेल तर सरकतं दार करा, तेही नाही जमलं तर जाड पडदा. पडदा सुचवला की घरचे नाराज होतात, हे माहीत आहे.

भारतीय पॅनवर त्यांनी उकिडवं बसायचं नाही. पॅनवर चार पायांची कमोड खुर्ची ठेवतात, पण जुन्या घरांत पॅन सहा-आठ इंच उंच चौथऱ्यावर असतो. खुर्चीचे पुढचे पाय खाली, मागचे वर, अशी तिरपी बैठक होते आणि ती सरकते. चौथरा असेल तर खुर्चीवर पैसे घालवू नका, प्लंबर लावून कमोड बसवून घ्या. उंची दुकानदाराच्या म्हणण्यावर घेऊ नका. आईंना चप्पल घालून बसवा, गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत टेपनं मोजा आणि त्यात एक-दोन इंच मिळवा. सीटची उंची तेवढी. साधा कमोड यापेक्षा बुटका निघतो, त्यावर सीट उंच करणारा रेझर मिळतो. घ्यायचा तर क्लॅम्पनं घट्ट बसणारा घ्या. नुसता ठेवलेला रेझर एका बाजूला भार पडला की घसरतो, आणि आईंचा भार एकाच बाजूला पडणार आहे.

आधाराचा बार उजव्या हाताला. कमोडशेजारच्या भिंतीवर आडवा, बसल्यावर कोपर थोडं वाकून हात पडेल त्या उंचीवर, आणि त्याच्या पुढच्या टोकाशी एक उभा. उठताना आडव्यावर रेटा द्यायचा, उभं राहिल्यावर उभा धरायचा. बारची जाडी ३२ ते ३८ मिलिमीटर. त्याहून जाड असेल तर मूठ पुरत नाही. भिंत आणि बार यांत सुमारे ४० मिलिमीटर अंतर. जास्त ठेवलं तर हात घसरून कोपरापर्यंत आत जातो आणि माणूस पडताना हाड मोडतं. टॉवेलची दांडी हा आधार नाही आणि सक्शनचं हँडलही नाही. रबराच्या कपाखाली हवा शिरली की ते सुटतं, आणि सुटण्याआधी काही खूण देत नाही. जुन्या टाईल्स मागून पोकळ असल्या तर टाईलसकट हातात येतं.

ड्रिल मारताना बाहेर येणारी भुकटी बघा. लाल असेल तर विटेची भिंत, अँकर फास्टनर धरतो. पांढरट, हलकी आणि पिठासारखी असेल तर सिपोरेक्सचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक. त्यात साधा फास्टनर काही महिन्यांत ढिला होतो, केमिकल अँकर लागतो किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट घेऊन मागे पट्टी द्यावी लागते. भोकात सिलिकॉन भरूनच बोल्ट बसवायला सांगा, नाहीतर महिन्याभरात खालच्या मजल्यावरून ओल आल्याची तक्रार येईल. काम झाल्यावर तुमच्यापैकी वजनदार माणसानं बारला पूर्ण भार देऊन लोंबकळून बघावं. आईंनी नंतर.

आता एक गोष्ट जी सहसा कोणी विचारत नाही. आपल्याकडे जेवायचं उजव्या हातानं, धुवायचं डाव्या. आता दोन्ही कामं उजव्यावर आली. त्या पिढीतल्या बऱ्याच बायकांना याची किळस वाटते आणि ती त्या बोलून दाखवत नाहीत. त्या पाणी कमी पितात, म्हणजे उठावं लागणार नाही. मग बद्धकोष्ठ, लघवीला जळजळ, इन्फेक्शन, आणि तापात हातपाय आणखी गळतात. घरच्यांना वाटतं पॅरालिसिस परत आला. उपाय साधा आहे: कमोडच्या सीटखाली बसणारा पाण्याचा नोझल आणि त्याची चावी उजवीकडे, म्हणजे हात लावावाच लागत नाही. शेजारी दाबून येणारा साबण, बसल्या जागी हात पोचेल तिथे. आईंकडून याची मागणी यायची वाट बघू नका, बसवून टाका.

न्हाणीत प्लास्टिकची साधी खुर्ची नको, ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात. पायांना रबरी बुटं असलेलं, पाठ असलेलं ॲल्युमिनियमचं बाथ स्टूल घ्या. बादली जमिनीवर नको, दुसऱ्या बुटक्या स्टुलावर उजव्या हाताला, निम्मीच भरलेली. बादलीत आधी गार पाणी, मग गरम. गीझरचं तापमान कमी करून ठेवा आणि पाणी बघायचं ते उजव्या हातानं. डाव्या बाजूची संवेदना कमी असेल तर भाजलेलं कळत नाही. साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा, खाली पडला की वाकावं लागतं. न्हाणीचा उंबरा काढायची घाई नको, तो पाणी अडवतो. त्यावर पिवळी पट्टी लावा आणि चौकटीशेजारी उजवीकडे एक उभा बार द्या.

कपड्यांचं एका वाक्यात: घालताना डावा हात आधी, काढताना डावा शेवटी. गाऊन पुढून उघडणारा, हुकांच्या जागी वेल्क्रो. साडीच हवी असेल तर निऱ्या शिवलेली, इलॅस्टिकची साडी शिंपी करून देतो. 'आता साडी कशाला' असं मात्र म्हणू नका.

डाव्या हाताबद्दल. स्पंजचा बॉल दाबणं बहुतेकांना देतात आणि बहुतेकांना तो नको असतो. पॅरालिसिसनंतर बोटं मिटण्याकडे झुकतात, उघडणं अवघड असतं. बॉल दाबून आपण मिटण्याचीच तालीम करतो, मूठ आणखी आवळते. बोटं आवळत असतील तर बॉल थांबवून थेरपिस्टला दाखवा. मनगट साधारण २० अंश आणि बोटं १० अंश मागे उचलता येत असतील तर चांगला हात ठरावीक तास बांधून कमकुवत हाताला राबवायची पद्धत वापरता येते, पण ती देखरेखीखालीच. तेवढं येत नसेल तर हाताला वस्तू दाबून धरायचं काम द्या. मेथी निवडताना जुडीवर डावा हात ठेवायचा, कागदावर ठेवायचा, पोळपाटाच्या कडेला टेकवायचा. कामात असलेला हात मेंदू विसरत नाही.

आणि त्या हाताला धरून कोणीही ओढायचं नाही. खांद्याचे स्नायू ढिले असतात, सांधा खाली उतरलेला असतो. मावशी काखेत हात घालून उचलतात, चार-आठ दिवसांत खांदा दुखायला लागतो, आणि दुखरा खांदा सगळी थेरपी अडवतो. उठवायची रीत मावशींना अशी शिकवा: आईंनी खुर्चीत पुढे सरकायचं, दोन्ही टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाकायचं, उजव्या हातानं खुर्चीच्या हाताला रेटा द्यायचा. मावशींनी डावीकडे, थोडं पुढे उभं राहून कमरेचा पट्टा धरायचा. ओढायचं नाही, तोल सांभाळायचा.

आता चहा. एका चहात मला जेवढं दिसतं तेवढं तासाभराच्या तपासणीत दिसत नाही. दुधाची पिशवी एका हातानं कापायची कशी? उभ्या पेल्यात पिशवी उभी करून कात्रीनं कोपरा कापायचा. पातेलं जड बुडाचं, कारण हलकं पातेलं ढवळताना गोल फिरतं. चिमट्यानं पातेलं उचलून गाळायचं नाही. छोटं, दांडीचं सॉसपॅन घ्यायचं. कप ओल्या फडक्यावर ठेवायचा, म्हणजे सरकत नाही. इथपर्यंत बहुतेकांना जमतं. फसतं ते पुढे: चहा झाला, आता तो खुर्चीपर्यंत न्यायचा कोणी? डावा हात चालत नाही, उजव्यात काठी. तिसरा हात नाही. मग काठी ओट्याला टेकवून कप हातात घेऊन दोन पावलं टाकली जातात, आणि पडणं इथे होतं. म्हणून चहा न्यायचाच नाही. ओट्याशी पाठ असलेलं उंच स्टूल ठेवा, तिथेच बसून प्यायचा. बाकी वस्तूंसाठी खांद्यावरून आडवी पिशवी. चाकांची ट्रॉली घ्यायची तर थेरपिस्टसमोर वापरून बघून. तिच्यावर भार दिला की ती पळते.

चहा करताना मी हेही बघतो: दूध उतू जायला लागलं तर लक्षात येतं का, गॅस बंद झाल्याची खात्री त्या करतात का, साखर दोनदा घालतात का. यात गडबड असेल तर एकटं असताना गॅस नाही. पाईपगॅसची मुख्य चावी बंद करून जा, टायमर असलेली इंडक्शन शेगडी द्या किंवा सकाळचा चहा पंपाच्या थर्मासमध्ये. कुकर दोन्ही प्रकारांत नको.

जिना एकटीनं उतरायचा नाही, पण डॉक्टरकडे जावं लागतंच. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमकुवत आधी. जुन्या इमारतींत कठडा एकाच बाजूला असतो. चढताना तो उजव्या हाताला आला तर उतरताना डाव्या हाताला, म्हणजे निकामी बाजूला. भिंतीच्या बाजूनं दुसरा कठडा लावायला सोसायटीला लेखी अर्ज करा. इतर ज्येष्ठांनाही तो हवाच असतो. तोवर उजव्या हातानं तोच कठडा धरून उलटं उतरायचं, मदतनीस खालच्या पायरीवर. दिसायला विचित्र, पण सुरक्षित. आधी थेरपिस्टकडून शिकून घ्या.

पडल्या तर काय, याची तालीम हवी. फोन चार्जरवर नाही, गळ्यातल्या पाकिटात. पहिल्या क्रमांकावर तुम्ही, दुसऱ्यावर शेजारी, मग १०८ची ॲम्ब्युलन्स. शेजाऱ्यांकडे किल्ली, आणि दाराला आतून कडी लावायची नाही. महिन्यातून एकदा खरोखर फोन लावून बघा. पावसाळ्यात पॅसेजमध्ये कपड्यांचा स्टँड उभा राहतो, खाली पाणी ठिबकतं. त्याची जागा आधीच ठरवा.

मावशींना लगेच काढू नका, मागे सरकवा. आधी त्यांना एक नियम द्या: आई अडल्या की दहा सेकंद काही करायचं नाही. मग बोलून सांगायचं, मग बोटानं दाखवायचं, आणि हात लावायचा तो सर्वांत शेवटी. तोल जात असेल तर अर्थात थांबायचं नाही. आई एका हातानं बटण लावतायत आणि मावशी दोन सेकंदांत लावून मोकळ्या होतात, हे माया म्हणून होतं, पण दिवसातून वीस वेळा झालं की आईंचा हात शिकायचा थांबतो. वहीत रोज लिहा: कुठल्या कामाला हात लावावा लागला. सहाही कामांपुढे सलग आठवडाभर 'नाही' आलं की मावशींना अर्धा तास जिन्यात बसवा. मग तास, मग दोन. चार तासांपर्यंत जायला काही आठवडे लागतात. मध्ये ताप, नवी गोळी किंवा पडणं झालं तर एक पायरी मागे. पॅरालिसिसनंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो, सहा महिन्यांपर्यंत बऱ्यापैकी. पण काम करायची पद्धत आणि घर बदलून मिळणारी सुधारणा त्यानंतरही होत राहते.

थेरपिस्ट कुठे मिळतील? केईएम, सायन आणि नायर रुग्णालयांत ओटीचे विभाग आहेत, हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, आणि तुमच्या नेरूळमध्येच डी. वाय. पाटील विद्यापीठात ओटी शिकवतात. खासगी थेरपिस्ट घरी येत असतील तर महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. खरा थेरपिस्ट राग मानत नाही. घर न बघता फोनवर उपकरणांची यादी देणारा असेल तर दुसरा शोधा.

पहिल्या भेटीला सकाळची वेळ घ्या, आंघोळीच्या आधीची. घर आवरून ठेवू नका, पायपुसणी उचलू नका, आईंना तयार करून बसवू नका. कपडे कपाटात, दूध पिशवीत, चष्मा जिथे रोज हरवतो तिथेच असू द्या.